कायेटानकाकांनी चढवलेलं पाणी

माझे काका कायेटान होलरबाख जनरल होऊन वारले, तरी आमच्या गावात त्यांना शेवटपर्यंत गिरणीवाल्याचा कायेटान असंच म्हणत. वरच्या ऑस्ट्रियातल्या एका अरुंद खोऱ्यात आमची पाणगिरणी होती. आजोबा एगिड तिथे साऱ्या खोऱ्याची राई आणि गहू दळून देत. त्यांना दोन मुलगे. थोरले कायेटान आणि धाकटे लोरेन्झ. लोरेन्झ म्हणजे माझे वडील.

धाकट्याच्या बाळंतपणातच आजी गेली. त्यामुळे माझ्या वडिलांना काकांनीच वाढवलं असं आजोबा सांगायचे. भावाला कडेवर घेऊन काका दिवसभर गिरणीच्या पाटावर असायचे. पाण्याचं त्यांना वेडच होतं. ओढ्यात दगडमातीचे बांध घालायचे, पाणी तुंबवायचं, वळवायचं, सोडायचं. एकदा त्यांनी असं काही पाणी वळवलं की चर्चमागच्या फादरांच्या कोबीच्या वाफ्यांचं तळं झालं. फादर झगा वर धरून गिरणीत आले.

"एगिड, तुझ्या पोरानं माझा कोबी बुडवला."

"झोडपतो त्याला, फादर."

"झोडप. पण आधी त्याला विचारून मला सांग, माझे वाफे ओढ्याच्या वरच्या अंगाला आहेत, तिथे पाणी चढवलं कसं? मी सकाळपासून तिथे उभा राहून बघतोय, मला काही उमगत नाही."

काकांना मार बसला, आणि दुसऱ्या दिवसापासून फादरांकडे शिकवणीही सुरू झाली. पुढे फादरांनीच खटपट करून त्यांना फौजेच्या इंजिनिअरांच्या शाळेत धाडलं. आजोबांना ते पसंत नव्हतं. "मग गिरणी कोण सांभाळणार?" म्हणून ते कुरकुरले, तेव्हा माझे वडील पिठाच्या पोत्यावर उभे राहून ओरडले, "मी!" ते तेव्हा एवढेसे होते. पण शब्द पाळला त्यांनी.

काका शिकले, लेफ्टनंट झाले, कॅप्टन झाले. इटलीत पूल बांधले, लढाईत ते उडवले, पुन्हा बांधले. लग्न केलं नाही. वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे तेव्हा कोट काढून गिरणीत पोती उचलायचे. वडील त्यांची टिंगल करायचे, "काय हो कॅप्टनसाहेब, पोतं धरायचं शिकवलं नाही वाटतं शाळेत?" मग दोघं भाऊ अंगणात बसून आंबट सफरचंदी दारू पीत. वडील झिदर हे तारांचं वाद्य वाजवत. काकांना गाता येत नसे, तरी ते गात.

पुढे मेजर झाल्यावर काकांना बोहेमियातल्या लिंडेनफेल्ड किल्ल्यावर नेमलं. किल्ला जुना होता, सपाट कुरणांच्या मधोमध, नदीकाठी. त्याचं संरक्षण नव्या तोफांपुढे टिकेल असं करून द्या, असा हुकूम होता. काकांनी उत्तर काढलं ते पाण्यातच. नदीवर दारांचा बांध घातला. कुरणांतून खोल चर खणले. युद्ध आलं की दारं बंद करायची, नदी मागे तुंबून कुरणांवर पसरेल आणि किल्ला बेटासारखा होईल. वरून दिसायला कमरेएवढं पाणी, पण आत चर कुठे आहेत ते शत्रूला कळायचं नाही. किल्ल्यात यायला मग एकच वाट, पाण्यातून जाणारा उंच भराव.

ते सगळं त्यांनी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पीठ पसरून, बोटानं रेघा ओढून माझ्या वडिलांना दाखवलं होतं. वडील नीट बघत राहिले आणि म्हणाले, "झकास. पण त्या कुरणवाल्या शेतकऱ्यांना विचारलंस का?"

"किल्ल्याची जमीन आहे ती, लोरेन्झ. कागदोपत्री."

"म्हणजे फादरांचा कोबीच की."

दोघं पोट धरून हसले. आई मात्र रागावली, कारण ते तिचं मळायचं पीठ होतं.

माझी आई क्रेसेंझ. सगळे तिला रेसी म्हणत. खालच्या गावातल्या चाकं बनवणाऱ्या सुताराची मुलगी. हातानं चपळ आणि जिभेनं त्याहून. अठराशे सहासष्ट साली प्रशियाशी युद्धाची बोलणी सुरू झाली तेव्हा मी चार वर्षांची होते. वडिलांची फौजेतली वर्षं सरली होती, पण नाव राखीव यादीत होतं आणि त्यांची पलटण नेहमी पुढे असायची. ईस्टरला काका आले. रंगवलेली अंडी, भाजलेलं कोकरू, सगळं झालं, आणि आईनं ताटं उचलता उचलता विषय काढला.

"भाऊजी, तुम्ही मेजर आहात. तुमच्या एका शब्दानं काम होईल."

काकांच्या आधी वडीलच बोलले, "रेसी, नको. मी मागे राहिलो तर माझ्या जागी दुसरा कोणी पुढे जाईल."

"जाऊ दे दुसरा! दुसऱ्याची पोर माझ्या मांडीवर नाहीये."

"ऐकलंस?" वडील काकांना म्हणाले, "हिला जनरल करा, युद्ध आठवड्यात संपेल."

काकांनी उभ्या आयुष्यात कोणासाठी वशिला लावला नव्हता. भावासाठी लावला. वडिलांना पलटणीतून काढून दारूगोळ्याच्या गाड्यांवर घातलं. घोडे त्यांना चांगले हाकता येत, त्यामुळे कोणाला वावगंही वाटलं नाही. काकांनी आईला सांगितलं, "गाड्या फौजेच्या पाठीमागे असतात, रेसी. लढाई त्याच्या नजरेलासुद्धा पडणार नाही." आईनं त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं. ती कोणापुढे वाकणारी बाई नव्हती.

पुढचं मला वोयतेखनं सांगितलं. वोयतेख हा काकांचा शिपाई, मोराव्हियाचा. पुढे कितीतरी वर्षं आम्ही एका घरात राहिलो, आणि एका दुपारी बटाटे सोलताना, मी खोदून खोदून विचारल्यावर, तो बोलला.

जुलै उजाडायच्या आत किल्लेदाराचा हुकूम आला आणि काकांनी नदीवरची दारं बंद केली. पाणी चढायला दोन दिवस लागले. काकांनी ठरवलं होतं तिथपर्यंत ते आलं आणि थांबलं. किल्ल्यातले अधिकारी तटावर उभे राहून टाळ्या वाजवत होते. मग पलीकडच्या टेकड्यांमागे मोठी लढाई झाली आणि आमची फौज एका दिवसात मोडली. दुपार कलल्यावर धूळ दिसू लागली. लोकांना वाटलं, प्रशियन आले. जवळ आल्यावर दिसलं, आपलेच आहेत.

सगळ्यांत पुढे होत्या गाड्या. फौज पळू लागली की पाठीमागचे पुढे होतात, एवढी साधी गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नव्हती. गाड्या, तोफा, जखमी, घोडेस्वार, सगळं त्या एका भरावावर येऊन दाटलं. आणि किल्ल्याचा दरवाजा बंद होता.

काका किल्लेदाराकडे धावले. "साहेब, दरवाजा उघडा. माणसं पाण्यात पडताहेत."

किल्लेदार म्हातारा होता, दुष्ट नव्हता. म्हणाला, "होलरबाख, त्यांच्या पाठोपाठ शत्रू आत घुसला तर? किल्ला गेला तर जबाबदार कोण? तुम्ही?"

"हो. मी."

"तुम्ही नाही. मी. दरवाजा उघडणार नाही."

"मग निदान खालची दारं उघडतो. पाणी उतरवतो."

"किती वेळात उतरेल?"

काकांना उत्तर माहीत होतं. रात्र उलटून दुसरा दिवस मावळेपर्यंत ते गुडघ्याखाली येणार नव्हतं. ते वळले, दारं उघडण्याचा हुकूम स्वतःच्या तोंडानं दिला, आणि वोयतेखला घेऊन चोरदरवाजातून बाहेर पडले. चर साफ करायला ठेवलेल्या चपट्या होड्या तिथे बांधलेल्या होत्या.

"मागून रेटा येत होता," वोयतेख म्हणाला, "त्यामुळे भरावावरच्या गाड्या कडेनं कलंडत होत्या. माणसं पाण्यात उतरत होती. त्यांना वाटायचं, कमरेएवढंच तर आहे, चालत जाऊ. चार पावलं नीट जायची, आणि एकदम नाहीशी. साहेब होडीत उभे राहून ओरडत होते, 'तिकडे चर आहे! थांबा! डावीकडे या!' पण आपली फौज कसली, ताई. हंगेरीचे मग्यार, पोल, रुमेनियन, क्रोएट. जर्मन कळत होतं कोणाला? मी चेकमध्ये ओरडत होतो. ज्यांना चेक कळलं ते वाचले."

अंधारून येईपर्यंत त्यांनी माणसं ओढली. हाताला लागेल त्याला ओढलं. काकांना ठाऊक नव्हतं की भावाच्या गाड्या त्या वाटेनं आल्या आहेत. त्यांच्या हिशेबानं लोरेन्झ कुठेतरी दूर, सुरक्षित होता.

प्रशियन किल्ल्याकडे फिरकलेच नाहीत. बाजूनं सरळ व्हिएन्नाच्या दिशेनं निघून गेले. लिंडेनफेल्डच्या पाण्यानं शत्रूचा एकही माणूस अडवला नाही.

पाणी उतरल्यावर काका चरांच्या काठानं फिरू लागले. एका चरात गाडी उलटी पडली होती, घोडे जुंपलेलेच. वोयतेखनं माझ्या वडिलांना कधी पाहिलं नव्हतं. तो म्हणाला, "मला वाटलं, साहेब घसरले. ते चिखलात बसले होते. मग बघितलं तर त्या गाडीवाल्याचे हात धूत होते. एकेक बोट."

हजारो माणसांना एकाच खड्ड्यात पुरलं. जुलैचा उकाडा होता, दुसरा इलाज नव्हता. काकांनी वेगळी जागा मागितली नाही. वोयतेखनं सुचवलं तर म्हणाले, "बाकीच्यांना भाऊ नव्हते का?"

आईला सांगायला ते स्वतः आले. तो दिवस मला आठवतो, कारण त्या दिवशी गिरणीचं चाक दुपारीच थांबलं आणि अशी शांतता मी आधी कधी ऐकली नव्हती. आई दारात उभी होती, हात कोपरापर्यंत पिठाचे. काका टोपी हातात घेऊन अंगणात. आजोबा बाकावर बसून होते.

"तुम्हीच त्याला तिथे घातलंत," आई म्हणाली.

"हो, रेसी."

"मी सांगितलं म्हणून."

"तुझा त्यात काही दोष नाही."

"माझं मी बघते. आणि पाणी? पाणीसुद्धा तुमचंच?"

"हो. माझंच."

आई आत गेली, रश्शाची वाटी आणि पाव आणून बाकावर ठेवला. "लांबून आलात. खाऊन जा. पण भाऊजी, पुन्हा या घरी येऊ नका."

काकांनी उभ्यानंच खाल्लं, सगळं. वाटी परत दिली आणि गेले. त्यानंतर आजोबांच्या मरणालासुद्धा ते चर्चच्या फाटकाबाहेर उभे राहिले, आत आले नाहीत. मी चर्चच्या दारातून मागे वळून बघितलं तेव्हा ते पावसात टोपी काढून उभे होते. आईनं माझी मान धरून पुन्हा पुढे वळवली.

गिरणी आईनं चालवली. पोती उचलली, जात्याला टाकी लावून घेतली, बाईमाणूस म्हणून मापात फसवू बघणाऱ्यांना फैलावर घेतलं. पण पिठानं आणि थंडीनं तिची छाती धरली. मी तेरा वर्षांची असताना ती अंथरुणाला खिळली. माहेरचं कोणी उरलं नव्हतं. एका सकाळी तिनं मला जवळ बोलावलं.

"अगाथे, मी गेल्यावर तू काकांकडे जायचंस."

मी चकितच झाले. "तू तर त्यांचं नावसुद्धा घेत नाहीस."

"नाही घेत. पण तो माणूस तुला कधी उपाशी ठेवणार नाही, आणि खोटं बोलणार नाही. बाकीचं माझं माझ्यापाशी."

"त्यांना बोलावू का? तुला भेटायला?"

आईनं भिंतीकडे तोंड फिरवलं. "नको. तेवढं मला जमत नाही."

अशी मी काकांकडे, ग्रात्स शहरात आले. काका तोवर कर्नल होते, लवकरच जनरल झाले. लिंडेनफेल्डच्या कामाबद्दल सम्राटांचं पदक मिळालं होतं. ते त्यांनी दिवाणखान्यात लावलं नव्हतं. लपवलंही नव्हतं. मोज्यांच्या खणात पडलेलं असायचं. घरात आम्ही तिघं. मी, काका आणि वोयतेख. काका माझ्याशी मोठ्या माणसासारखं बोलत. मला भूमिती शिकवली, बर्फावर घसरायला शिकवलं, माझ्या वाढदिवसाला स्वतः जाऊन खसखशीचा केक आणत. माझ्या वडिलांची प्रत्येक गोष्ट सांगत. पोत्यावर उभं राहून "मी!" म्हणाले ती सांगताना हसत. त्या शेवटच्या ईस्टरच्या अलीकडे येऊन मात्र थांबत.

मी वीस वर्षांची असताना घरी काही अधिकारी जेवायला आले होते. त्यातला एक तरुण कॅप्टन, इंजिनिअरांच्या शाळेत शिकवणारा, उत्साहानं म्हणाला, "साहेब, आम्ही मुलांना लिंडेनफेल्डचं पाणी नमुना म्हणून शिकवतो. इतक्या चोख हिशेबानं कुणी कधी पाणी चढवलं नाही."

काकांनी काटा खाली ठेवला. "कुठपर्यंत शिकवता?"

"म्हणजे, साहेब?"

"पाणी चढेपर्यंतच, की पुढचंही?"

कॅप्टन लाजून गोंधळला. काकांनी स्वतःच त्याच्या ताटात मांस वाढलं, "खा, खा, गार होतंय," म्हणाले, आणि थोड्या वेळानं माफी मागून खोलीत गेले. पाहुणे निघेपर्यंत बाहेर आले नाहीत.

ऐंशीच्या दशकात सरकारनं लिंडेनफेल्ड किल्ला रद्द केला. तट पाडायचे, जमीन शहराला द्यायची. हे काम एखाद्या मेजरचं. काकांनी ते मागून घेतलं. लोक हसले, जनरल माती उपसायला चालला म्हणून. मी सोबत गेले.

बांधाची दारं उखडली, चर बुजवले. प्रत्येक चराच्या काठावर काका स्वतः उभे राहत. माती टाकण्याआधी मजूर तळ चाचपत, कारण अजूनही बकलं निघत, नाल निघत, कधी हाडंही. ती गोळा करून मोठ्या खड्ड्यापाशी पुरत. एक म्हातारी चेक शेतकरीण गवत कापायला यायची. तिनं वोयतेखला विचारलं, "हा पांढऱ्या मिशीचा कोण? मुकादम का?"

वोयतेख घुटमळला. काकांना एवढी चेक कळत होती. ते मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाले, "आजी, हे सगळं मीच बांधलं होतं."

म्हातारीनं विळा खाली केला. "तू होय? माझं कुरण होतं तिथे. पुढच्या साली त्यावर एवढं गवत आलं, माझ्या छातीपर्यंत. गाई तोंड लावेनात. वास घ्यायच्या नि मागे सरायच्या. शेवटी जाळलं मी."

काका म्हणाले, "माझा भाऊ होता त्यात."

म्हातारीनं विळ्याला चिकटलेलं गवत झटकलं. "मग रड की बाबा," ती म्हणाली. "इथे कोण बघतंय?" आणि पुन्हा गवत कापू लागली.

काका रडले नाहीत. संध्याकाळी मात्र आम्ही भरावावरून चालत होतो तेव्हा ते आपणहून बोलले. तसं एकदाच.

"अगाथे, मी सगळे नकाशे पुन्हा पुन्हा तपासले. कितीतरी वर्षं. कुठे चूक सापडली असती तर बरं झालं असतं. दार एक वीत खाली, चर एक हात जास्त. काही सापडलं नाही. मी सांगितलं तसंच पाणी वागलं."

मी त्यांचा हात धरला. ते म्हणाले, "तुझी आई बरोबर होती. पण तिनं मला शिव्या द्यायला हव्या होत्या. रस्सा दिला."

त्यानंतर काका फार जगले नाहीत. एका हिवाळ्यात छातीत पाणी झालं. डॉक्टर पाणी हा शब्द उच्चारताना चाचरले, तेव्हा काकाच म्हणाले, "बोला हो, मला त्या शब्दाची सवय आहे." शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला एकच काम सांगितलं. "मला लिंडेनफेल्डला पुरा. त्या मोठ्या खड्ड्याशेजारी. दगड नको."

मी प्रयत्न केला. छावणीच्या कचेरीत गेले, वोयतेखला घेऊन दोनदा. तिथल्या साहेबांनी मला खुर्ची दिली, सांत्वन केलं, आणि म्हणाले, "फ्रॉयलाइन होलरबाख, मरणाऱ्याच्या मनात काहीही येतं. पण जनरलला शिपायांच्या खड्ड्यापाशी कसं पुरायचं? लोक म्हणतील, फौजेनं त्यांची किंमत ठेवली नाही."

"पण त्यांची इच्छा होती."

"इच्छा आहे, पण हुद्दाही आहे ना."

शेवटी काकांना ग्रात्सच्या लष्करी कबरस्तानात पुरलं. बँड होता, तोफा झाल्या, मोज्यांच्या खणातलं पदक मखमलीच्या उशीवर ठेवून एक तरुण अधिकारी पुढे चालला. वोयतेख सगळ्यांत मागे होता. तोफ झाली की दर वेळी त्याचे खांदे आखडत. पुढच्या उन्हाळ्यात तो त्याच्या बहिणीकडे मोराव्हियाला गेला. स्टेशनवर निरोप घेताना म्हणाला, "ताई, होडीत अजून एक जागा होती नेहमी. साहेब म्हणायचे, अजून एक, वोयतेख, अजून एक." गाडी हलली, पुढचं ऐकू आलं नाही.

मी इथेच मुलींच्या शाळेत गणित शिकवते. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी सगळं ग्रात्स कबरस्तानात लोटतं. मीही जाते. काकांच्या दगडावरचा पाचोळा हातानं झाडते आणि दोन मेणबत्त्या लावते. एक काकांची. दुसरी वडिलांची, कारण त्यांच्यापर्यंत दर वर्षी जाणं मला होत नाही. वडिलांना ती तिथे चालली असती. आईला चालली नसती, हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि तरी मी लावते.